अमेरिकन दक्षिणेतील वर्णद्वेष आणि मराठी समीक्षा : मतपेटीचा विसर

प्रास्ताविक

दलित साहित्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य यांची तुलना मराठी समीक्षेला आता नवी राहिलेली नाही. अमेरिकेत शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात या विचाराला चालना दिली. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपल्या नावातच ती तुलना धारण केली. पुढे डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' या ग्रंथाने तिला अभ्यासाची बैठक मिळवून दिली. आज विद्यापीठीय परिसंवादांच्या विषयपत्रिकेत हा विषय हमखास असतो आणि पीएच.डी.च्या प्रबंधांतही त्याला स्वतंत्र प्रकरण दिले जाते.

या तुलनेचे ऋण मान्य करूनच प्रस्तुत लेखात तिच्या एका उणिवेकडे लक्ष वेधावयाचे आहे. मराठी समीक्षेने जी अमेरिका पाहिली ती प्रामुख्याने गुलामांच्या जहाजांची, हार्लेममधील कवितेची, जॅझ आणि ब्ल्यूजची, आणि अखेरीस कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरची अमेरिका आहे. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली आणि नागरी हक्कांची चळवळ १९५०च्या दशकात सुरू झाली. या दोहोंमधील नव्वद वर्षे आपल्या विवेचनात बहुधा एका वाक्यात आटोपतात. वस्तुतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनी याच काळात वर्णद्वेषाला राज्यघटनेत, मतदारयाद्यांत आणि मतमोजणीच्या नियमांत बसवले. आपली तुलना वेदना आणि विद्रोह या दोन संज्ञांभोवती फिरत राहिली. मत, मतदारसंघ आणि प्रतिनिधी या गोष्टी तिने राज्यशास्त्र विभागाकडे सोपवल्या.

प्रस्तुत लेखक या दोषापासून मुक्त नाही. माझ्या एम.फिल. प्रबंधिकेत मी 'दक्षिण' हा शब्द अनेकदा वापरला होता आणि त्याचा अर्थ जवळजवळ सर्वत्र 'अत्याचार जेथे झाले तो प्रदेश' एवढाच होता. दोन-तीन वर्षांपूर्वी बी.ए. तृतीय वर्षाच्या तासाला याच विषयावर बोलत असताना हिंगणघाटकडील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, गुलामगिरी गेल्यावर त्यांना मत होतं का?" मी 'होते' असे उत्तर दिले आणि पुढे गेलो. उत्तर चुकीचे नव्हते, परंतु त्या एका शब्दात सारा इतिहासच वगळला गेला होता, हे नंतर लक्षात आले. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

१८७३ : एक अर्पणपत्रिका आणि ईस्टरचा रविवार

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी जनांना, त्यांनी कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी दाखविलेल्या निःस्वार्थ वृत्तीबद्दल, अर्पण केली. मराठी तुलनेचे उगमस्थान म्हणून या अर्पणपत्रिकेचा निर्देश सर्वच अभ्यासक करतात आणि तो योग्यच आहे. पुण्यात बसून, इतक्या दूरच्या देशातील घटनेचा अर्थ शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीशी जोडणे हे असामान्य द्रष्टेपणाचे लक्षण होते.

परंतु त्याच वर्षी तिकडे काय चालले होते? १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स या गावी न्यायालयाच्या इमारतीत जमलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला. मृतांचा आकडा निश्चित नाही. सर्वात कमी अंदाजही साठच्या वर जातो आणि अनेकांना शरण आल्यानंतर ठार करण्यात आले. वाद होता तो १८७२ च्या निवडणुकीचा निकाल कोणाच्या बाजूने लागला हा. ज्या थोड्या आरोपींना शिक्षा झाली त्यांची शिक्षाही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 'क्रुइकशँक' निकालाने टिकली नाही. व्यक्तींनी व्यक्तींविरुद्ध केलेल्या हिंसेला केंद्राचा कायदा लागू होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

ज्या समाजाचे फुले अभिनंदन करीत होते तो समाज त्याच वेळी आपल्या शब्दावरून मागे फिरत होता. ही फुल्यांची चूक म्हणता येणार नाही, कारण त्या क्षणी दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले होते आणि दक्षिण कॅरोलिनाच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीय प्रतिनिधींचे बहुमत होते. १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतील राज्यांतून आपले सैन्य मागे घेतले आणि 'पुनर्रचना' म्हणून ओळखला जाणारा कालखंड संपला. नंतरचे काम कायद्याने केले. मिसिसिपीने १८९० मध्ये, दक्षिण कॅरोलिनाने १८९५ मध्ये आणि लुइझियानाने १८९८ मध्ये नव्या राज्यघटना आणल्या. त्यांत वर्णाचा उल्लेख नव्हता. तो करण्यास केंद्रीय राज्यघटनेची पंधरावी दुरुस्ती आड येत होती. म्हणून मतकर आला, घटनेतील कलम वाचून त्याचा अर्थ सांगण्याची परीक्षा आली, आणि ज्याच्या बापाला किंवा आजोबाला १८६७ पूर्वी मताधिकार होता त्याला या अटींतून सूट देणारे लुइझियानाचे ते प्रसिद्ध कलम आले. गुलामाच्या आजोबाला मत असण्याचा प्रश्नच नव्हता. परिणाम असा झाला की लुइझियानात १८९६ मध्ये सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, ते १९०४ मध्ये तेराशेच्या आसपास उरले.

हा तपशील मराठीत कोणी पाहिलाच नाही असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो नेमका पाहिला होता. 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथात, अस्पृश्य समाज राजकीय हमीशिवाय स्वातंत्र्यलढ्यात का उतरत नाही या आक्षेपाला उत्तर देताना, त्यांनी यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीयांचे नंतर काय झाले याचा दाखला दिला. मताधिकार कागदावर मिळाला, परंतु तो टिकवण्याची यंत्रणा त्यांच्या हाती राहिली नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले ते संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी दिलेल्या निवेदनाची प्रत मिळवण्यासाठी. या पत्राचा उल्लेख आपल्या समीक्षेत दोन महापुरुषांच्या भावबंधाचा पुरावा म्हणून होतो. पत्र मात्र कामकाजाचे आहे. त्यात एका अल्पसंख्याकांच्या नेत्याने दुसऱ्याकडे राजकीय कागद मागितला आहे. आंबेडकरांची अमेरिका आणि आंबेडकरोत्तर मराठी समीक्षेची अमेरिका यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

वर्ध्यात विचारलेला प्रश्न

वर्धा जिल्ह्यातील अध्यापकांना या विषयाकडे वळण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. डिसेंबर १९३६ च्या अखेरीस बेंजामिन मेज हे कृष्णवर्णीय धर्मशास्त्रज्ञ म्हैसूर येथील यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या जागतिक परिषदेसाठी भारतात आले असताना वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटले. त्यांच्यासमवेत त्याच परिषदेचे प्रतिनिधी चॅनिंग टोबायस हेही भारतात आले होते आणि त्यांनीही गांधींची भेट घेतली. मेज त्या वेळी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात होते. १९४० ते १९६७ या काळात ते अटलांटाच्या मोअरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष राहिले. मार्टिन ल्यूथर किंग हे त्यांचे तेथील विद्यार्थी, आणि १९६८ मध्ये किंग यांच्या अंत्यविधीच्या वेळी श्रद्धांजलीचे भाषण करण्याचे दुःखद काम याच गुरूंच्या वाट्याला आले.

आपल्याकडे ही भेट सांगितली जाते ती अहिंसेचा वर्ध्याहून अटलांटापर्यंतचा प्रवास म्हणून. सेवाग्रामला विद्यार्थ्यांच्या सहली नेणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने ती अशीच सांगितली आहे, मीही. परंतु 'बॉर्न टू रिबेल' या १९७१ च्या आत्मचरित्रात मेज यांनी जे नोंदवले आहे त्यात अहिंसेबरोबरच दुसराही एक प्रश्न आहे. आपण अस्पृश्यतेवर प्रहार करता, मग जातिव्यवस्थेवरच का करीत नाही, असे त्यांनी गांधींना विचारले. गांधींचे उत्तर श्रमविभागणीच्या अंगाने जाणारे होते. हाच प्रश्न त्याच वर्षीच्या मे महिन्यात डॉ. आंबेडकरांनी 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणाच्या पुस्तिकेतून विचारला होता आणि जुलैमध्ये गांधींनी 'हरिजन'मधून त्याला उत्तर दिले होते. मेज यांनी ती पुस्तिका वाचली होती किंवा नाही, या तर्कात शिरण्याचे कारण नाही. दक्षिण कॅरोलिनाच्या कापसाच्या शेतात वाढलेल्या माणसाला तो प्रश्न पुस्तिकेशिवायही सुचला असता.

कारण मेज यांचे आत्मचरित्र ज्या आठवणीने सुरू होते ती एका निवडणुकीची आहे. त्यांचा जन्म १८९४ चा, दक्षिण कॅरोलिनाच्या ग्रीनवुड परिसरातला. ८ नोव्हेंबर १८९८ रोजी त्या भागातील फिनिक्स या वस्तीत मतदानाच्या दिवशी एक गोरा रिपब्लिकन कार्यकर्ता, नव्या राज्यघटनेमुळे मत नाकारले गेलेल्या कृष्णवर्णीयांची प्रतिज्ञापत्रे गोळा करीत होता. त्याला विरोध झाला, गोळीबार झाला, एक गोरा मारला गेला आणि पुढील काही दिवस घोड्यांवरून फिरणाऱ्या टोळ्यांनी अनेक कृष्णवर्णीयांना ठार केले. अशाच एका टोळीने मेज यांच्या वडिलांना अडवले, टोपी काढायला लावली आणि पुनःपुन्हा वाकून नमस्कार करायला लावला. चार वर्षांच्या मुलाने ते पाहिले. त्यांच्या आयुष्याची ती पहिली आठवण.

हा प्रसंग वाचल्यानंतर वर्ध्याच्या भेटीचा अर्थ बदलतो. मेज वर्ध्याला आले तेव्हा फैजपूरची काँग्रेस नुकतीच झाली होती आणि १९३५ च्या कायद्यान्वये होणाऱ्या प्रांतिक निवडणुका काही आठवड्यांवर आल्या होत्या. पुणे करारानुसार देशभरात दलितांसाठी १४८ जागा राखीव होत्या आणि त्यांपैकी २० आपल्या मध्य प्रांताच्या वाट्याच्या होत्या. म्हणजे सर्व प्रांतांतून इतक्या मोठ्या प्रमाणावर राखीव प्रतिनिधित्वाचा पहिला प्रयोग वर्ध्याच्या दारात उभा होता. आणि मेज स्वतः ज्या वॉशिंग्टन शहरात शिकवत होते तेथील रहिवाशांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मतच नव्हते. ते १९६१ च्या घटनादुरुस्तीने आले. आपल्या जिल्ह्याच्या स्मृतीत मात्र या काळाची दोनच चित्रे ठळक आहेत : जमनालाल बजाजांनी जुलै १९२८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुले केलेले लक्ष्मीनारायण मंदिर, आणि नोव्हेंबर १९३३ मध्ये येथून निघालेला गांधींचा हरिजन दौरा. दोन्ही प्रसंग मोठे आहेत. दोहोंतही दार उघडणारा उच्चवर्णीय कर्ता आहे. मतदाराचे चित्र आपल्या स्मृतीत नाही.

त्याच भारतभेटीत म्हैसूर संस्थानातील अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकाने मेज यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य अशी करून दिली. त्यांना प्रथम धक्का बसला, रागही आला; मग ते शब्द खरे आहेत हे त्यांनी स्वीकारले. आपल्या परिसंवादांत हा प्रसंग लोकप्रिय आहे आणि त्यावर 'वेदनेचे वैश्विक नाते' असे भाष्य केले जाते. मला त्या भाष्यात एक सोय दिसते. वेदनेचे नाते मान्य केले की पुढचे काही विचारावे लागत नाही.

पँथर : चिन्ह आणि प्रतिमा

मराठीतील 'पँथर' या शब्दाचा प्रवास हे या विसराचे सर्वात बोलके उदाहरण होय. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार प्रभृतींच्या संघटनेचे नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून आले, हे सर्वश्रुत आहे. तो पँथर ओकलंडमध्ये कोठून आला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. तो दक्षिणेतून आला आणि मतपत्रिकेवरून आला.

अलाबामा राज्यातील लाउंड्स परगण्यात लोकसंख्येच्या सुमारे ८० टक्के लोक कृष्णवर्णीय होते आणि १९६५ च्या आरंभी त्यांपैकी एकाचेही नाव मतदारयादीत नव्हते. मार्च १९६५ मधील सेल्मा ते माँटगोमेरी हा सुप्रसिद्ध मोर्चा याच परगण्यातून गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा झाला आणि नोंदणी सुरू झाली. जे बटईदार नोंदणीला गेले त्यांना मालकांनी घरांतून बाहेर काढले. काही कुटुंबांनी तंबूत दोन वर्षे काढली. डेमोक्रॅटिक पक्षात शिरून उपयोग नव्हता, कारण अलाबामात त्या पक्षाचे चिन्ह कोंबडा होते आणि १९६६ च्या आरंभापर्यंत त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणाच छापलेली असे. शिवाय उमेदवारीचे शुल्क ५० डॉलरवरून ५०० डॉलर करण्यात आले. तेव्हा स्थानिकांनी, स्टोकली कार्मायकेल व त्यांच्या विद्यार्थी संघटनेच्या साहाय्याने, स्वतंत्र पक्ष काढला. निरक्षर मतदारांसाठी चिन्ह आवश्यक होते. अटलांटामध्ये मेज यांच्या मोअरहाउसच्या शेजारीच असलेल्या क्लार्क महाविद्यालयाच्या क्रीडासंघाचा काळा पँथर त्यासाठी निवडला गेला. ८ नोव्हेंबर १९६६ रोजी या पक्षाचे सातही उमेदवार पराभूत झाले. चार वर्षांनी पक्षाचे संस्थापक अध्यक्ष जॉन ह्यूलेट त्याच परगण्याचे शेरीफ म्हणून निवडून आले.

भारतीय वाचकाला निरक्षर मतदारांसाठी चिन्ह म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. १९५१-५२ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती आपल्या विदर्भातील खेड्यापाड्यांत पोचला होता. पँथर हा हत्तीचाच भाऊबंद होता. परंतु तो मराठीत आला तेव्हा त्याचे चिन्हपण गळून पडले आणि प्रतिमा तेवढी उरली : झेप घेणारी, दात दाखवणारी, संतप्त. 'गोलपिठा' आणि पँथर एकाच वर्षीचे असल्यामुळे समीक्षेने दोहोंना एकाच परिभाषेत वाचले. १९७३ च्या जाहीरनाम्यातही अमेरिकेचा निर्देश आहे, तो लढाऊपणाच्या संदर्भात. आणि जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीत दलित पँथरने मतदानावर बहिष्काराची हाक दिली. त्यानंतर वरळीची दंगल झाली, भागवत जाधव यांचा मृत्यू झाला, आणि निवडणुकीत रोझा देशपांडे विजयी झाल्या.

या बहिष्काराला ठोस कारणे होती. रिपब्लिकन पक्षाची शकले झाली होती, इलया पेरुमल समितीच्या अहवालाने अत्याचारांची भीषणता पुढे आणली होती आणि राखीव जागांवरून निवडून गेलेले प्रतिनिधी गप्प होते. ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा समीक्षेचा आहे. मत मिळविण्यासाठी ज्यांनी घरे गमावली त्यांचे चिन्ह, मत नाकारण्याच्या हाकेवर कसे आले, हा विरोधाभास आपल्या समीक्षेला दिसला असता तर दोन्ही चळवळींच्या राजकीय परिस्थितीतील भेद तिला सांगता आला असता. लाउंड्समध्ये संख्या होती पण मत नव्हते. मुंबईत मत १९५२ पासून होते. ते निरुपयोगी ठरत आहे असा अनुभव होता.

मत आणि प्रतिनिधी

तो अनुभव कसा तयार झाला, याचे उत्तर आपल्या शेजारीच सापडते. १९५२ मध्ये डॉ. आंबेडकर उत्तर मुंबईतून पराभूत झाले. १९५४ मध्ये ते भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले. मतदारसंघ द्विसदस्यीय होता. राखीव जागेवर काँग्रेसचे बोरकर विजयी झाले आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष दलितांसाठीच राखून ठेवलेल्या जागेवर पराभूत झाला. त्या जागेचा निकाल दलितेतर मतांनी ठरला, आणि स्वतंत्र मतदारसंघांची मागणी करताना नेमके हेच होईल असे त्यांनी १९३२ मध्ये सांगितले होते.

मताधिकार कायद्यानंतर दक्षिणेने हेच तंत्र दुसऱ्या मार्गाने वापरले. मत नाकारता येत नाही म्हटल्यावर त्याचे पाणी करण्याचे उपाय निघाले. प्रभाग मोडून संपूर्ण शहराचा एकच मतदारसंघ करायचा आणि सर्व जागा सर्व मतदारांनी निवडायच्या. अल्पसंख्य कृष्णवर्णीयांची मते प्रत्येक जागेवर बुडतात. जेथे अशी पद्धत आधीपासूनच होती तेथे ती आयती कामी आली. अलाबामाच्या मोबील शहराचे तीन आयुक्त १९११ पासून असेच निवडले जात. शहराची एक तृतीयांश लोकसंख्या कृष्णवर्णीय असून एकही कृष्णवर्णीय आयुक्त कधी झाला नव्हता. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, भेदभावाचा हेतू सिद्ध झाला नाही असे म्हणून ती पद्धत उचलून धरली. १९८२ मध्ये काँग्रेसने कायदा दुरुस्त करून हेतूऐवजी परिणाम हा निकष आणला. जॉर्जियात त्याआधी परगणानिहाय मोजणी होती : मोठ्या परगण्याला सहा, मधल्याला चार, लहानाला दोन मते. १९४६ मध्ये यूजीन टालमज हे कमी मते मिळवूनही या मोजणीमुळे पक्षाची उमेदवारी जिंकले. त्याच निवडणुकीत, गोऱ्यांपुरती राखलेली प्राथमिक निवडणूक न्यायालयाने रद्द केल्यामुळे, कृष्णवर्णीयांनी प्रथमच मोठ्या संख्येने मतदान केले होते. टेलर परगण्यात मत देणारे एकमेव कृष्णवर्णीय, युद्धावरून परतलेले मेसिओ स्नाइप्स, यांना त्यानंतर एक-दोन दिवसांतच गोळी घालण्यात आली.

तुलना करताना भेद झाकता कामा नये. भारतीय राज्यघटनेने १९५० मध्येच सार्वत्रिक प्रौढ मताधिकार दिला, मताधिकार कायद्याच्या पंधरा वर्षे आधी. आणि राखीव जागांमुळे सभागृहात उपस्थितीची हमी दिली, जी अमेरिकन दक्षिणेला कधीच मिळाली नाही. म्हणूनच येथील प्रश्न उपस्थितीचा कमी आणि निवडीचा अधिक आहे. ज्या खेड्यांत संख्या लहान आहे तेथे तो ग्रामपंचायतीत अधिक तीव्र होतो. तामिळनाडूतील मेलवळवू येथे राखीव झालेल्या अध्यक्षपदावर निवडून आलेल्या मुरुगेशन यांची जून १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह हत्या झाली. फिनिक्स आणि मेलवळवू यांच्यामध्ये जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे.

ध्वनी आणि प्रतिध्वनी

येथे राज्यशास्त्राचा विषय साहित्याच्या अध्यापकाने का हाताळावा, असा प्रश्न काही सहकारी विचारतील. माझे उत्तर असे की १९६५ नंतरचा दक्षिणेचा वर्णद्वेष मुख्यतः भाषेत राहतो, आणि भाषा वाचणे हे आपले काम आहे. आनंदवर्धनाने वाच्यार्थाच्या पलीकडे, सहृदयालाच कळणाऱ्या अर्थाला ध्वनी म्हटले. दक्षिणेच्या राजकीय भाषेला ही संज्ञा लावून पाहण्यासारखी आहे, जरी त्या आचार्याला आपला सिद्धांत अशा कामी येईल असे वाटले नसेल. ३ ऑगस्ट १९८० रोजी रोनाल्ड रेगन यांनी मिसिसिपीतील नेशोबा परगण्याच्या जत्रेत राज्यांच्या हक्कांवरील आपली श्रद्धा व्यक्त केली. वाच्यार्थाने हे संघराज्याविषयीचे मत आहे. परंतु १९६४ मध्ये मतदार नोंदणीच्या मोहिमेतील तीन तरुणांचा खून याच परगण्यात झाला होता, आणि १९४८ मध्ये वंशविभाजन टिकवण्यासाठी स्ट्रॉम थर्मंड ज्या पक्षातर्फे उभे राहिले त्याच्या नावातच राज्यांचे हक्क होते. श्रोत्यांपैकी सहृदय कोण होते, हे वेगळे सांगावयास नको. २००२ मध्ये याच थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवशी ट्रेंट लॉट यांनी त्या १९४८ च्या उमेदवारीची उघड प्रशंसा केली आणि त्यांना सिनेटमधील पक्षनेतेपद सोडावे लागले. ध्वनीचा वाच्यार्थ केला, एवढाच त्यांचा अपराध.

कायद्याच्या भाषेतही हेच घडते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'शेल्बी काउंटी' निकालात मताधिकार कायद्यातील ते सूत्र रद्द केले, ज्यामुळे मुख्यतः दक्षिणेतील राज्यांना निवडणूक नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. त्याच दिवशी टेक्सासने ओळखपत्राचा रोखून धरलेला कायदा लागू करण्याची घोषणा केली. उत्तर कॅरोलिनाच्या त्याच वर्षीच्या कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. मात्र तो करण्यापूर्वी विधिमंडळाने कोणत्या वर्णाचे मतदार कोणत्या सोयी वापरतात याची आकडेवारी मागवली होती, असे अपील न्यायालयास २०१६ मध्ये आढळले. १८९० च्या मिसिसिपीने वर्णाचा शब्द न वापरता जे केले त्याची ही आकडेवारीनिशी काढलेली नवी आवृत्ती म्हणता येईल.

जानेवारी २०२१ मध्ये जॉर्जियातून राफाएल वॉर्नॉक हे त्या राज्याचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर निवडून आले. ते मेज यांच्या मोअरहाउसचे विद्यार्थी आणि किंग यांच्या एबनेझर चर्चचे धर्मगुरू. मार्चमध्ये त्या राज्याने निवडणूक कायदा बदलला. त्यात मतदानाच्या रांगेत उभ्या असलेल्यांना कार्यकर्त्यांनी अन्न वा पाणी देण्यास मनाई करणारी तरतूद होती. लांब रांगा कोणत्या वस्त्यांत लागतात हे जॉर्जियात सर्वांना ठाऊक असते. पाणी कोणी कोणाला द्यावे यावरचा निर्बंध मराठी वाचकाला महाडची आठवण करून देईल. परंतु त्या आठवणीपाशी थांबलो तर पुन्हा आपण वेदनेच्या नात्याकडेच वळू. येथे निर्बंध पाण्यासाठी नाही, रांगेसाठी आहे.

आपल्या भाषेतील असे ध्वनी ऐकण्याची सवय यातून लागावी. 'बिनविरोध' हा आपल्या ग्रामीण राजकारणातील अत्यंत प्रतिष्ठित शब्द आहे. बिनविरोध गावाचे सत्कार होतात, काही लोकप्रतिनिधी अशा गावांना जादा निधी जाहीर करतात, वृत्तपत्रे एकीचे कौतुक करतात. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तेथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले होते. लिलाव उघडा पडतो. बैठकीत कोणी माघार घ्यावी हे ज्या नजरेने सांगितले जाते ती नजर उघडी पडत नाही. दलित आत्मकथनांत गावाच्या बैठकींची वर्णने विपुल आहेत. आपण ती अपमानाचे प्रसंग म्हणून शिकवतो. ती निवडणुकीचे प्रसंग म्हणूनही शिकवता येतील, असे मला आता वाटते.

या वर्षीच्या सेवाग्राम भेटीत मी विद्यार्थ्यांना आधी फिनिक्सचा प्रसंग सांगितला आणि नंतर वर्ध्याची भेट. सोबत भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीचाही उल्लेख केला. परतताना मूळच्या तुमसरकडील एका विद्यार्थिनीने विचारले की १९५४ मध्ये कोणत्या गावात कोणाला किती मते पडली याची नोंद आज कोठे पाहायला मिळेल. त्या वेळी भंडारा मध्य प्रदेशात होता, तेव्हा शोध नागपूरपासून भोपाळपर्यंत कोठेही न्यावा लागेल असे मी सांगितले. तिने तो विषय पदव्युत्तर प्रबंधासाठी घ्यावयाचे ठरवले आहे. मात्र मराठी विभागात हा विषय बसतो का, अशी पृच्छा विभागातून झाली आहे आणि तिचे उत्तर मला द्यावयाचे आहे.